मागच्या दाराचं तोरण

आमच्या कळव्याच्या घरी दसऱ्याला तोरणं दोन लागतात, एक पुढच्या दाराला आणि एक मागच्या. पुढचं कुणीही बांधावं. मागचं मात्र घरातल्या थोरल्या पुरुषानंच बांधायचं, असा रिवाज आहे. वडील मिठागरात कामाला होते. मागचं दार खाडीकडे उघडायचं आणि कामावर जाणारा माणूस त्याच दारानं बाहेर पडायचा. ज्या दारानं घर चालतं ते दार सणाला मोकळं ठेवायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ असावा. आता मिठागर राहिलं नाही आणि मागच्या दारासमोर शेजारच्या इमारतीच्या गाड्या उभ्या असतात. तरी माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दर दसऱ्याला स्टुलावर चढून मागच्या दाराला झेंडूचं तोरण बांधतो. गाठ अशी मारतो की दिवाळी उलटली तरी सुटत नाही.

हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या रिवाजामुळेच झालं.

मी डोंबिवलीत राहतो. इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्याचं काम करतो. आमच्याकडे 'पास-नापास' म्हणून एक साधं गेज असतं. तुकडा त्यात बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. नवीन आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात म्हणतो, साहेब, गेज खराब असेल. मी त्याला सांगतो, गेज खराब असू शकतं, पण ते सगळ्यात शेवटी धरायचं. आधी तुकडा बघ, मग तुझा हात बघ, मग गेज. हे वाक्य मी कारखान्यात जेवढ्या वेळा म्हटलं असेल तेवढ्याच वेळा घरीही. कुकरची शिट्टी होत नसली तरी हेच, वजनकाट्यावर बायकोचं वजन वाढलं तरी हेच. दुसऱ्या प्रसंगी ते म्हणायला नको होतं.

आम्हाला एकच मुलगी. तिच्या उंचीच्या रेघा स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं काढलेल्या आहेत. रंगकाम झालं तेव्हा तेवढी पट्टी मी रंगवू दिली नाही.

ती तिसरीत असताना आम्ही सगळे टिटवाळ्याच्या पलीकडल्या अम्यूझमेंट पार्कात गेलेलो. तेव्हा तो आजच्यासारखा नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं मैदान, त्यात मोजके पाळणे, एक मिनी ट्रेन, आणि मधोमध डोलणारं एक जहाज. जहाजाच्या रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची फळी होती. एकशे वीस सेंटिमीटरची लाल रेघ, तिच्या खालच्यांना प्रवेश नाही. आमची मुलगी त्या रेघेला दोन बोटं कमी भरली.

"टाचा उचल गो," दादा मागून हळूच म्हणाला. "कोन बगतंय?"

तिनं टाचा उचलल्या. डोकं रेघेला टेकलं. दारावरचा माणूस सोडणारही होता. मी म्हटलं, "टाचा खाली."

ती खाली उतरली आणि रांगेतून बाहेर आली. परतताना कल्याणला तिनं विचारलं, "दोन बोटांनी काय होतं, बाबा?" मी तिला कागदावर बाकडं काढून दाखवलं, त्यावर मांडीवर येणारा लोखंडी दांडा काढला, आणि दांडा नि मांडी यांच्यामध्ये किती जागा राहिली की माणूस निसटू शकतो ते सांगितलं. तिनं कागद घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "मग दांडाच खाली येईल असा करायला पाहिजे ना." रेघ बरोबर होती, आणि तिचा प्रश्नही बरोबर होता.

मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली. वर्गात मुली थोड्या होत्या, त्यांत ही. नोकऱ्या दोन आल्या. एक पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात आणि एक त्याच पार्कात, राइड सेफ्टी विभागात. पार्क आता वाढून केवढा तरी झालेला. वेगवेगळे विभाग, प्रत्येकाची वेगळी सजावट, परदेशातून आणलेली यंत्रं. तिनं पार्क घेतला. मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर लोकांना सांगताना मी "यंत्रांच्या सुरक्षेचं काम" असं सांगायचो, पार्काचं नाव मागाहून यायचं.

दादाला असला आडपडदा जमत नाही. गणपतीत सगळं घर कळव्याला जमलेलं, आरती नुकतीच संपलेली, आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन तो भरल्या घरात बोलला, "इंजिनेर झाली न पालना फिरवाला जेली! आवरा शिकवून तू काय केलंस रं? जत्रंतला मानूस आठवी नापास आसतो, त्यो पन फिरवतो."

सगळे हसले. मुलगीही हसली. म्हणाली, "काका, या ना एकदा. तुम्हाला फिरवते."

"मना नाय बसाचा तुज्या पालन्यात," दादा म्हणाला. "आपली हाडं आपल्याला परत घरी न्यायची हायत."

हसण्यावारी गेलं, पण त्या दिवसानंतर कळव्यात तिचं नाव 'पाळणेवाली' पडलं. कुणी वाईट मनानं म्हणत नसे. तरी बायकोला ते लागलं. माझ्यापाशी म्हणाली, "भाऊजी एकदा स्वतः डोळ्यांनी बघतील ना तेव्हा कळेल." पण दादा बघायला गेला तरी काय बघणार, हाच प्रश्न होता. सुरक्षा ही गोष्ट अशी की ती नीट असली की दिसत नाही.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुलीचा फोन आला. सणाच्या गर्दीत बंदर विभागाचा चार्ज पहिल्यांदाच एकटीकडे देणार होते. तिथल्या सीनियरना दुसरीकडे घ्यायचं होतं. दसऱ्याचा दिवस नीट गेला तर विभाग तिच्याकडेच राहणार, नाही तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. बंदर विभागात मुख्य यंत्र म्हणजे ते जहाज. जुनं नव्हे, त्याच्या जागी आलेलं नवं, त्याच्या दुप्पट. घरच्यांसाठी पास मिळत होते. "सगळ्यांना आण," ती म्हणाली. "काकांनाही."

दादा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण वहिनी तयार झाली आणि वहिनी तयार झाली की दादाला गाडी काढावी लागते. दसऱ्याला सकाळी दोघं कळव्याहून डोंबिवलीला आली, आम्हाला घेतलं, आणि कल्याण, शहाड, आंबिवलीवरून आम्ही निघालो. बायकोनं पहाटे उठून तोरण ओवलं होतं. झेंडू, मध्ये मध्ये आंब्याची पानं. मुलगी सणाला घरी नाही, तर तिच्या केबिनला तरी तोरण हवं, असं बायकोचं म्हणणं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलेलं.

पार्काच्या दारातून आत गेल्यावर पहिला लागतो तो बाजार विभाग. दोन्ही बाजूंना जुन्या पेठेसारखी घरं, सज्जे, कंदील. जवळ जाऊन बोटानं वाजवलं की कळतं, दगड नाही, फायबर आहे. मी वाजवून बघितलं. बायको म्हणाली, "झालं का तपासून? चला."

नकाशावर विभाग सहा. मी आधीच ठरवलं होतं की बाहेरच्या कडेनं डावीकडून सुरू करायचं, म्हणजे सगळ्यात दूरचं बंदर दुपारी जेवणानंतर येतं आणि परत फिरावं लागत नाही. वहिनीनं हा बेत पहिल्याच चौकात मोडला. तिला समोरच बर्फ दिसला.

हिमनगरीत जाताना जाड कोट देतात. वहिनीनं नऊवारीवर कोट चढवला, डोक्यावर टोपी घातली आणि आत जाऊन मूठभर बर्फ दादाच्या मानेत टाकला. दादा ओरडला ते बाहेर ऐकू गेलं.

"आवो, काश्मीरला नेतो बोललाव लग्नात," वहिनी म्हणाली. "ह्यो घ्या काश्मीर. टिटवाल्याला भेटला."

मग जंगल विभाग. तिथे गोल तराफ्यात बसून पाण्यातून जायचं, वर धबधबा, काठावर हलणारी हत्तींची तोंडं. बायको आणि मी भिजलो. दादा काठावर उभा राहून प्रत्येक हत्तीला नावं ठेवत होता. त्यापुढे किल्ल्याचा विभाग. तिथे बुरुजाच्या आकाराचा उंच मनोरा आहे, त्यावरून बाकडं एकदम खाली सोडतात. मनोऱ्याखाली उंची लिहिली होती. आमची इमारत सात मजल्यांची आहे, त्यापेक्षा थोडा जास्त. मी दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तू लिवून घे. मी वडापाव बगतो कुठं भेटतो."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. प्रत्येक विभागात दादा सजावटीला नावं ठेवायचा आणि मग, आम्ही पुढे निघालो तरी, थोडा मागे रेंगाळायचा. पाळणा चालवणारी मुलं काय करतात ते बघायचा. कोण दांडे ओढून बघतो, कोण नुसता हात लावून पुढे जातो. जंगलात एका मुलाला त्यानं विचारलं, "तुमचा सायेब कोन?" मुलगा म्हणाला, "इकडे वेगळे आहेत. बंदराला आज मॅडम आहेत. त्या लई कडक." दादानं मान हलवली आणि आमच्यामागून आला. मला वाटलं, मी ऐकलं नाही असं त्याला वाटू द्यावं.

बंदर विभाग म्हणजे दीपस्तंभ, दोरखंडांची वेटोळी, लाकडी पिंपं, गोदामासारखी दिसणारी खाण्याची दुकानं.

"ह्याला बंदर बोलतान?" दादा म्हणाला. "चिखल कुठं हाय? वास कुठं हाय?"

"वासाचे वेगळे पैसे असतील," बायको म्हणाली. दादा पहिल्यांदा हसला.

समोर जहाज डोलत होतं. दोन्ही टोकं आलटून पालटून आभाळात जात होती आणि लोक किंचाळत होते. कडेला उंचावर काचेची केबिन, आणि केबिनबाहेर आमची मुलगी उभी. डोक्यावर हेल्मेट नाही, पण गणवेश, गळ्यात शिट्टी, कमरेला वॉकीटॉकी, केस घट्ट बांधलेले. घरी ती दुपट्टा शोधत तीन खोल्या फिरते. इथे तिची नजर एका जागी ठरलेली होती.

आम्ही हात केला. तिनं मान डोलावली आणि पुन्हा जहाजाकडे बघू लागली. फेरी संपल्यावर कठड्यापाशी आली.

"आई, केबिनमध्ये बाहेरच्यांना नाही सोडत गं. तोरण पिशवीतच ठेव, सुट्टी झाली की मी घेते. सकाळी पूजा झालीय आमची." पुढच्या दारावर, जिथून लोक आत जातात, झेंडूची माळ होतीच. "काका, बसताय ना?"

"मना नाय बसाचा. बोललोय मी."

"बरं. मग पिशव्या सांभाळा."

दादानं सगळ्यांच्या पिशव्या घेतल्या आणि जहाजाच्या मागच्या अंगाला, उतरलेले लोक जिथून बाहेर येतात त्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आम्ही तिघं रांगेत लागलो. रांगेच्या तोंडाशी उंचीची फळी होती, नवी, खलाशाच्या आकाराची. लाल रेघ तीच, एकशे वीसची. मी उगाच तिला पाठ लावून उभा राहिलो. मागच्या मुलानं विचारलं, "अंकल, जमतंय का?"

आम्ही जहाजाच्या मधल्या बाकावर बसलो. मुलीनं एकेका बाकाचा दांडा हातानं ओढून बघितला. आमच्यापाशी आली तेव्हा आमचाही ओढला, इतरांइतकाच जोरात. बायकोकडे बघून हसली नाही. ती केबिनमध्ये गेली. घंटा वाजली, लोकांनी "ओऽऽ" केलं.

जहाज हललं नाही.

पुन्हा घंटा. पुन्हा "ओऽऽ". काहीच नाही. मग लोक हसायला लागले, आणि हसून झाल्यावर ओरडायला. "ए चालू कर ना यार!" "बॅटरी डाऊन!" मागच्या बाकावरचा एक जण गाडी ढकलल्यासारखं करू लागला.

आत काय झालं ते मला नंतर मुलीनं सांगितलं. यंत्रासमोर दिव्यांची पाटी असते. सगळे दांडे बंद झाले की एक हिरवा दिवा, पुढचं-मागचं दार बंद झालं की दुसरा. दोन्ही लागल्याशिवाय जहाज सुरू होत नाही. दांड्यांचा दिवा लागला होता, दारांचा लागत नव्हता. दोन्ही दारं तर बंद दिसत होती. केबिनमधला जुना ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, रात्री पाऊस झालाय, सेन्सर येडा झाला असेल. चावी फिरवा, दोन फेऱ्यांत सुकेल." ती चावी दुरुस्तीच्या वेळेची. दिव्याला न विचारता यंत्र सुरू करते. त्या दिवशी ती चावी फक्त मुलीकडे होती. आणि त्याच वेळी वॉकीटॉकीवर वरचे साहेब विचारत होते, बंदर का थांबलंय?

हे काही मला दिसत नव्हतं. मला दिसत होती ती केबिनच्या काचेमागे स्तब्ध उभी असलेली मुलगी, आणि मांडीवर दांडा घेऊन अडकलेला मी. आजचा दिवस नीट गेला तर विभाग तिचा, हे मनात होतं. खाली दादा उभा होता. सगळ्या लोकांत त्याचा आवाज सगळ्यात मोठा. "चालव गो पोरी! काय होत नाय!"

बायकोनं माझा हात धरला. "काय झालं असेल?"

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही."

मुलगी बाहेर आली. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "सर्वांना उतरवण्यात येतंय. कृपया जागेवर बसून राहा, मी एकेक दांडा उघडेन. जहाज तपासल्याशिवाय सुरू होणार नाही."

एवढा मोठा हुर्यो झाला की वहिनीनं कान झाकले. कुणी म्हणालं लेडीज ड्रायव्हर आहे. तिनं वर बघितलं नाही. एकेक बाक मोकळं करत गेली. आम्हाला पुढच्याच दारानं परत बाहेर सोडलं, कारण मागचं तपासायचं होतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. ती आधी पुढच्या दाराशी गेली, उघडलं, लावलं, सांध्यावरून बोट फिरवलं. मग सगळ्या फलाटावरून चालत मागच्या दाराशी. दुरून ते बंदच होतं. ती वाकली. गुडघ्यावर बसली. मग तिथूनच तिनं वर बघितलं.

दाराच्या खांबाला झेंडूचं तोरण बांधलेलं होतं. त्याचं एक टोक लोंबून दाराच्या सांध्यात गेलेलं, आणि दार लागलं तेव्हा त्यात एक झेंडू चिरडून बसलेला. फट बोटभरही नसेल. पण दार लागलेलं नव्हतं. दिवा बरोबर सांगत होता.

आणि खांबापलीकडे, हातात रिकामी पिशवी घेऊन, दादा.

"काका," मुलगी म्हणाली, "ही माळ तुम्ही बांधलीत?"

"हा मंग. म्हनजे..." दादाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पुढच्या दाराला होती. मागचा दार मोकला दिसला. दसरा हाय गो. मागचा दार मोकला ठेवाचा नसतो."

सगळी गर्दी ऐकत होती. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, जहाज आमच्या घरच्या माणसानंच बंद पाडलं होतं. दुसरी मला अजून कुणाला सांगता आलेली नाही. घरातल्या थोरल्या पुरुषानं मागच्या दाराला बांधायचं तोरण दादानं तिच्या जहाजाच्या मागच्या दाराला बांधलं होतं. पाळणेवाली म्हणणाऱ्यानं. कुणाला न सांगता, आम्ही वर बसलो असताना.

जुना ऑपरेटर कात्री घेऊन धावत आला. "सरका, कापून टाकतो."

"नाही," मुलगी म्हणाली. "दसऱ्याचं तोरण आहे, कापायचं नाही." आणि दादाकडे वळली. "काका, तुम्ही बांधलंय, तुम्हीच सोडा."

दादाची गाठ कशी असते ते मी वर लिहिलंच आहे. तो नखानं उकरत होता, दातानं ओढत होता, पुटपुटत होता. लोक ओरडायचे थांबले आणि त्याला सल्ले देऊ लागले. "काका, उलटी बाजू ओढा!" "थूक लावा!" वहिनी इथून ओरडली, "आता कलला ना, मी दर वर्साला काय भोगते ते?" वॉकीटॉकी वाजत होता. मुलगी त्यात एवढंच म्हणाली, "मागचं दार अडकलंय, कारण सापडलंय, मोकळं होईपर्यंत फेरी नाही." आणि हात मागे बांधून दादाजवळ उभी राहिली. घाई केली नाही, मदत केली नाही. जशी कारखान्यात एखादा तुकडा गेजमध्ये बसेना की मी उभा राहतो, तशी.

गाठ सुटली. टाळ्या वाजल्या. दादानं चिरडलेला झेंडू सांध्यातून काढला, एक पान राहिलेलं तेही काढलं, आणि स्वतःच दार लावून बघितलं. खट्ट आवाज आला. केबिनमधून ऑपरेटरनं अंगठा दाखवला.

"आता ह्या तोरनाचा काय करू?" दादानं विचारलं.

मुलीनं इकडेतिकडे बघितलं. "माझ्या मागनं या." ती त्याला रांगेच्या तोंडाशी घेऊन आली, आमच्या अगदी जवळ. "इथे बांधा. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात ना? माझं हत्यार हे."

दादानं उंची मोजायच्या खलाशाच्या फळीला तोरण बांधलं. लाल रेघ झाकली जाणार नाही इतकं वर. बांधताना त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि तिसरीतल्या त्या मुलीच्या टाचा त्यालाही आठवत होत्या हे मला दिसलं.

"घट्ट नको," मुलगी म्हणाली. "संध्याकाळी सोडायचंय."

"सरफासा मारलाय, ओढला का सुटेल," दादा म्हणाला. मग पिशव्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि रांगेत उभा राहिला.

वहिनी बघतच राहिली. "आवो, हाडं?"

"हाडं र्‍हातील. पोर बगतंय ना."

तो अगदी टोकाच्या बाकावर बसला, जिथे जहाज सगळ्यात वर जातं. मुलगी दांडे ओढत ओढत त्याच्यापाशी पोचली. त्यानं हात बाहेर काढून तिला काही दाखवायला सुरुवात केली.

"काका, हात आत."

"आगो, मी काका हाय तुजा."

"माहितीये. हात आत."

त्यानं हात आत घेतला. तिनं दांडा ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढला, आणि पुढे गेली. घंटा वाजली आणि जहाज सुरू झालं. मी दादाकडे बघत नव्हतो. मी केबिनकडे बघत होतो. ती पाटीवरच्या दिव्यांकडे बघत होती. मी माझ्या आयुष्यात बरीच मापं बरोबर आलेली बघितली आहेत, पण त्या घटकेला मला जे वाटलं त्यासाठी माझ्याकडे एकक नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला की विभाग तिच्याकडेच राहिला. साहेबांनी तोरणाबद्दल कानउघाडणी केली होती, दारापाशी सूचनेची पाटी लावायला सांगितलं होतं, आणि चावी न फिरवल्याबद्दल एक शब्द बोलले होते. तो शब्द काय ते तिनं सांगितलं नाही.

पण त्याची वाट कळव्यानं पाहिली नव्हती. दसऱ्याच्या संध्याकाळीच, आम्हीही कळव्याला गेलेलो असताना, गल्लीत सोनं वाटायला लोक येऊ लागले तेव्हा दादा ओट्यावर बसून प्रत्येकाला आपट्याचं पान देत होता, घेत होता आणि सांगत होता. "मी बांदली माल, न जहाज बंद! आख्खा पार्क थांबवलान पोरीनी! हजार मानूस बोंबलतंय, न ही बोलते, नाय म्हंजे नाय."

"पार्क नाही, एकच जहाज," मी म्हटलं. "आणि हजार नव्हते, शंभर-सव्वाशे असतील."

"तुजा माप तुज्याकरं ठेव," दादा म्हणाला, आणि नव्यानं आलेल्या शेजाऱ्याकडे वळला. "मना बोलली, काका, तुमीच सोरा. न मी सोरली."

शेजारी म्हणाला, "तुमी? सोरली?"

"हा. मीच सोरली."

पुढच्या माणसाला सांगताना माणसांचा आकडा दोन हजार झाला. तो मी दुरुस्त केला नाही.